लाल दिवा आणि मनी

विजेची शेगडी बंद केल्यावरही तिची वरची काच तापलेली आहे, हे सांगणारा लाल दिवा गेला आणि सासूबाईंची दोन बोटं पोळली. तेव्हापासून त्यांचा नियमच झाला: आमची मनी मांजर मिशांनी अंदाज घेऊन काचेवर बसली, की मगच फडका फिरवायचा.

हे ऐकून दिवा दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक पोट धरून हसला. "आजी, मांजराचा कसला भरवसा धरता!" त्याने नवा दिवा बसवला, शेगडी तापवून बंद केली. थोड्या वेळाने दिवा विझला. "बघा, निवली! काम झालं, करा या कागदावर सही," म्हणत त्याने ऐटीत हात काचेकडे नेला.

मनी ओट्याच्या कडेवरून हलली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

 

त्याने हात खिशात घातला. "आजी, सही नंतर करा. आधी तिला बसू द्या."