उष्णतेची गळती

"साहेब, भट्टी गार का केलीसा?" पंपांच्या कारखान्यातल्या शेवंताक्कांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

इंधन वाचवायला बोलावलेले सल्लागार मुजुमदार खुशीत होते. पंपांवरचा रंग पक्का करणाऱ्या भट्टीला त्यांनी चारी बाजूंनी ग्लासवूलची जाड दुलई गुंडाळली होती. "आत गरमच आहे, अक्का. भिंतीतून उष्णता बाहेर वाया जात होती, ती फक्त अडवली."

"वाया कुठं? आमच्या डब्यात जात हुती की!"

मुजुमदारांनी भट्टीच्या मागे पाहिलं. वीस वर्षं त्या भिंतीला टेकून तापणारे जेवणाचे सव्वीस डबे गारढोण पडले होते. त्यांनी उष्णतेचे नियम समजावून सांगितले. कामगार बायकांनी ते शांतपणे ऐकून घेतले, कारण जेवायची आज कुणालाच घाई नव्हती.

"बसा, दोन घास खावा आमच्यासंगं," अक्का म्हणाल्या. नाही म्हणणं बरं दिसेना.

अक्कांनी मटण वाढलं. वाढलं म्हणजे, डबा उलटा धरून तळ ठोकला. थंडीचे दिवस, रस्सा डब्याच्या आकारातच ताटात उभा राहिला. मुजुमदारांनी घास घेतला आणि चरबी टाळ्याला चिकटली. त्यांनी वळून भट्टीकडे पाहिलं.

"आता रोज असंच खाणार तुम्ही?"

"रोज कुठं? सोमवारी उपास असतोय."

संध्याकाळी मुजुमदारांनी अहवालात एक शिफारस वाढवली : 'मागच्या भिंतीचा तीन फुटांचा पट्टा तपासणीसाठी कायम उघडा ठेवावा. तपासणी रोज, जेवणाआधी अर्धा तास.'