सर्दीचं निमित्त

दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या अमेरिकन तळावर, बॉम्बफेकी विमानांच्या मुख्यालयात एक कडक शिस्त होती. उद्या कुठे जायचं ते मोहीम आखणाऱ्या मेजर लिंडक्विस्टने बघायचं, उडायच्या लायक कोण नाही ते डॉक्टर प्रुइटने. एकाने दुसऱ्याला विचारायचं नाही.

प्रुइटच्या गावचा वेंडेल विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन बसायचा. त्याची एकच फेरी उरली होती. ती झाली की घरी. पण उद्या थेट जर्मनीच्या पोटात जायचंय, अशी कुजबुज मेसमध्ये सुरू झाली.

"सर्दी झालीय तुला," प्रुइटने त्याला सांगितलं. "वर गेलास तर कान फुटतील."

"मला कुठे सर्दी, डॉक?"

"डॉक्टर मी की तू? गुपचूप पडून राहा."

दुसऱ्या दिवशी सगळी विमानं दुपारच्या जेवणाआधीच परतली. लिंडक्विस्ट दोन कप कॉफी घेऊन प्रुइटकडे आला.

"समुद्रकाठी फिरून यावं तशी फेरी झाली. तुझ्या वेंडेलची शेवटची, म्हणून मुद्दाम सोपीत घातलं होतं त्याला. आणि तू नेमका आजच त्याला आडवा केलास."

प्रुइटने कप टेबलावर ठेवला.

"आता उद्या जाईल तो," लिंडक्विस्ट हळू आवाजात म्हणाला. "कर्नलसाहेब म्हणाले, एका माणसाला एकदाच सर्दी होते."

"उद्या कुठे?"

 

लिंडक्विस्टने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही.