वडिलांच्या वतीने

हैतीहून बॉस्टनला आलेल्या आन्सेल्मना इंग्रजी येत नसे. दवाखान्यात त्यांची मुलगी नादेज दुभाष्याचं काम करायची.

एकदा डॉक्टर म्हणाले, “कृष्णवर्णीय पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. रक्ताची एक चाचणी आहे. तिचे फायदे-तोटे मी सांगतो, करायची की नाही ते त्यांनी ठरवावं.”

लघवीच्या जागेबद्दल वडिलांशी बोलायचं तरी कसं? नादेज संकोचली. त्यांना म्हणाली, “साखर आटोक्यात ठेवा म्हणतायत.” आणि डॉक्टरांना सांगितलं, “बाबा नको म्हणतात.”

तीन वर्षांनी आन्सेल्मची कंबर दुखू लागली, दुखणं थांबेना. तपासण्यांत कळलं, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोचला होता.

“मी तेव्हाच विचारलं होतं,” डॉक्टर हळहळले. “पण यांनी नकार दिला.”

“काय म्हणाले?” वडिलांनी विचारलं.

या वेळी तिने शब्द न् शब्द सांगितला. तेव्हा आपण काय केलं तेही.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. शर्टाची बटणं लावत म्हणाले, “पुढच्या वेळी तू येऊ नकोस. दवाखान्याचाच दुभाषी माग.”

हेही डॉक्टरांना इंग्रजीत तिलाच सांगावं लागलं.