नवीन लेथ

"उज्ज्वला, रिबन तू कापायचीस," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी कात्री पुढे केली. मग चपापून मागे घेतली. वर्कशॉप शिकवणाऱ्या बोंद्रे सरांनी रिबनची गाठ सोडली.

शाळेतल्या व्यवसाय अभ्यासक्रमाला लोखंड कातायचं नवीन लेथ मशीन मिळावं म्हणून सर कित्येक वर्षं अर्ज करत होते. सरकारी अनुदान मंजूर झालं ते गेल्या वर्षीच्या अपघातानंतर. जुन्या मशीनच्या फिरत्या भागावर जाळी नव्हती. त्यात उज्ज्वलाची बाही ओढली गेली आणि उजव्या हाताची बोटं गेली.

नव्या मशीनची जाळी तिनं डाव्या हातानं वर करून पाहिली. जाळी उचलताच मशीन आपोआप थांबायची सोय होती.

"ताई, आता भ्यायचं कारण नाही ना?" अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं.

"न्हाई गं. बाही तेवढी दुमडून घे." असं म्हणत उज्ज्वलानं स्वतःच एका हातानं तिची बाही कोपरापर्यंत सारली.

मुलीनं मशीन सुरू केलं. लोखंडाची चकचकीत साल सलग सुटू लागली. उज्ज्वला त्या सालीकडे टक लावून बघत राहिली.

"हे तुझ्या वेळीच यायला हवं होतं," सर हळूच म्हणाले.

"माझीबी साल अशीच सलग निघायची, सर," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचा, पोरीचा हात बसलाय."

सरांना पुढं तिथं उभं राहवलं नाही.