गाव नसलेला शिक्का

इस्राएलला गेलेल्या मुलाचं पत्र आलं की रिबकाबाई कागद स्वतःकडे ठेवीत आणि पाकीट सिद्धलिंगप्पांच्या कापडदुकानात आणून देत. त्या देशाची जुनी तिकिटं, पाकिटं जमवणारा सोलापुरात दुसरा कुणी नव्हता.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरातही त्या हसत आल्या.

"घ्या अण्णा, तुमची रद्दी. वाटेत महिनाभर रेंगाळली बघा. लढाईची काळजी करू नको म्हणतोय एली. तो आपला संत्र्याच्या बागेत सुखात आहे की."

सिद्धलिंगप्पांनी भिंग धरलं. एरवी तिकिटावर गावाच्या नावाचा गोल शिक्का असे. आज तिथे त्रिकोण होता, आणि त्रिकोणात गाव नव्हतं. नुसता पलटणीचा आकडा होता. लष्करी टपालाच्या अशा शिक्क्यासाठी ते कित्येक वर्षं झुरले होते. आता भिंगाखाली तो काळा त्रिकोण विहिरीसारखा खोल होत गेला.

"काय झालं? फाटलंय का?"

"नाही." त्यांनी पाकीट हलकेच रिबकाबाईंच्या हातात परत ठेवलं. "हे मात्र तुमच्याजवळच असू द्या, बाई."

रिबकाबाईंचं हसू विझलं. आजवर अण्णांनी फाटकं पाकीटसुद्धा कधी परत केलं नव्हतं.