सासूबाईंची कार्यशाळा

सोसायटीच्या ‘कौटुंबिक मतभेद’ कार्यशाळेहून सासूबाई प्रमाणपत्र घेऊन आल्या आणि घरातली भांडणं बंद झाली. पूर्वी त्या ‘नाही’ म्हणायच्या, हेमांगी चार शब्द ऐकवायची आणि माहेरी जायचीच.

आज आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिने बॅग भरली, तर सासूबाई शेजारी बसून हळुवारपणे म्हणाल्या, “जाऊ नकोस असं मी म्हणत नाही हं. तू गेलीस की मला एकटं वाटतं, एवढंच.”

नवरा भारावला. “आई किती बदलली, बघ.”

यावर भांडायचं कसं? हेमांगीने चेन ओढली. “तुमची भावना पोचली, आई. रविवारी येते.”

“आणि इथे पोळ्या कोण लाटणार?” सासूबाई कडाडल्या.

हेमांगीला हायसं वाटलं. बॅग खाली ठेवून तिने ओढणी खोचली. आता नीट भांडून जाता येणार होतं.