दूधकट्ट्यावरची पाव्हणी

आक्काताईनं नाकावर कधी माशी बसू दिली नाही. लेक कृष्णात अंगानं दांडगा झाला, बुद्धीनं लहानच राहिला. पण गल्लीत कुणी त्याला खुळा म्हटलं की ती म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. रोज संध्याकाळी ती त्याला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर न्यायची. समोर धार काढलेलं फेसाळ दूध पिताना तो खदाखदा हसायचा आणि तिचा दिवसभराचा शीण उतरायचा.

त्या दिवशी नेमकी गडमुडशिंगी गावची पाव्हणी तिथं भेटली. तिच्या मुलानं आक्काताईच्या पोरीला नुकतंच पसंत केलेलं. बघायचा कार्यक्रम झाला त्या दिवशी कृष्णातला मामाकडं धाडलं होतं. सुपारी तेवढी फुटायची होती.

“हे पोरगं कुणाचं वं, वैनी? खुळं दिसतंय की!”

आक्काताईनं कृष्णातच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

“शेजारणीचं हाय. फिरवून आणती, तिला तेवढाच इसावा.”

“लई मोठं मन बाई तुमचं! आमाला असंच घर पायजे हुतं.”

आक्काताई कशीबशी हसली. परतताना वाटभर तिनं कृष्णातकडं बघितलं नाही.

घरी येऊन तिनं चपला काढल्या. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“आत ये की, माझ्या राजा.”

“न्हाय काकू. माझं घर तिकडं हाय न्हवं?”

आणि शेजारणीच्या दारात जाऊन तो कडी वाजवू लागला, “आई, मी आलोय. दार उघड की.”